पुसल्यावाचून पुसू नये

हिवाळ्यातल्या सकाळी वडूजच्या माळावर चंडोल सरळ आकाशात चढत जातो, तेव्हा त्याचा कंठ आधी ऐकू येतो आणि तो स्वतः फार उशिरा दिसतो. निळाईत कुठेतरी एक ठिपका थरथरत असतो आणि खाली वाळल्या कुसळांवर त्याच्या स्वरांचा सडा पडत राहतो. माझे पती बशीर यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, पण मन रमलं ते या आवाजांत. दुकान उघडण्याआधी ते माळावर जात, मोबाइल पुढे धरून श्वास रोखून उभे राहत. मी शाळेत मराठी शिकवायची. सुट्टीच्या दिवशी मीही सोबत असे. अशा कितीतरी सकाळी त्यांनी घरच्या संगणकात साठवल्या. नाव नाही, गाव नाही, जशा आल्या तशा.

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारा तो हात चहाची बशी धरतानाही डगमगू लागला आणि दुकान बंद झालं. सवयीचं काम हातातून गेल्यावर माणसाने दिवसाशी बोलावं तरी काय?

यांची भाची नसरीन सांगलीला संगणकाचंच काम करते. तिने येऊन एक एआय साहाय्यक आमच्या संगणकावर बसवून दिला. आपण बोलून काम सांगायचं. तो ध्वनिमुद्रणं ऐकून पाखरू ओळखणार, नाव देणार, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवणार. मात्र तो अतिशय विनयशील! ही फाइल उघडू का? हे ऐकू का? याचं नाव बदलू का? प्रत्येक पावलाला थबकायचा आणि पडद्यावर दोन बटणं ठेवून वाट पाहायचा : ‘परवानगी द्या’ आणि ‘नाकारा’. यांचं बोट थरथरत भलत्याच बटणावर जाई. म्हणून मी शेजारी बसू लागले. हे ‘व्हय’ म्हणत, मी बटण दाबत असे. आमच्या दुपारी अशा टिटव्या, तित्तिर आणि होकार यांनी भरून गेल्या.

पण आपल्यापायी बायको जखडली, हे यांना खुपत होतं. एका रविवारी नसरीन आली तेव्हा यांनी विषय काढलाच.

“पोरी, ह्याला सांग, मला इचारत बसू नगं. तुझी मामी दिसभर हितं बटणं दाबत बसती.”

“करता येईल मामू. परवानग्या आपोआप मिळतील असं लावून देते. पण सगळ्यालाच हो म्हणायचं? पुसून टाकायलासुद्धा?”

“सगळ्याला. लय शाणं हाय ते.”

तिने तसं करून दिलं. साहाय्यक मुकाट्याने, झपाझप काम करू लागला. मी मोकळी झाले. अंगणात तूर निवडत बसले. आतून एकामागून एक पाखरं बोलत होती, आणि मला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. मुक्ती अशी किंचित सुनी का असते?

चार-सहा दिवसांनी यांनी त्याला सांगितलं, “ज्यात पाखरू न्हाई, त्ये काढून टाक. पसारा नगं.” त्याने ते तत्काळ केलं. संध्याकाळी यांची हाक आली, आणि त्या हाकेत असं काही होतं की मी सूप तसंच टाकून आत धावले.

“दत्तू गेला गं.”

दत्तू यांचा जिवलग मित्र. माळावरच्या फेऱ्यांत कायम यांच्यासोबत असायचा, आणि तो जाऊन वर्ष होत आलं होतं. एकदा मायणीच्या तळ्यावर धुक्यात दोघं सकाळभर बसले आणि एकही पाखरू बोललं नाही. त्या ध्वनिमुद्रणात होता तो फक्त दत्तूचा आवाज, आणि साहाय्यकाने तेच काढून टाकलं होतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. पाखरू नव्हतंच त्यात!

“आवं, घाबरू नका,” म्हणत मी नसरीनला फोन लावला. “मामी, रिसायकल बिन उघडा,” ती एकेक पायरी सांगत गेली. “तिथं असेल अजून.” होतं. मी ते परत जागेवर आणलं आणि लावलं. आधी नुसता वारा, पाण्याची बारीक चुळबुळ, आणि मग दत्तू : “गड्या, पाखरांनी आज रजा टाकली वाटतं रं. चल, च्या पिऊ.” हे हसले. हसताना डोळे पुसायला त्यांनी हात उचलला, तो थरथरत होता, म्हणून मीच पदर पुढे केला.

मराठीत विचारण्याला ‘पुसणे’ म्हणतात आणि मिटवण्यालाही ‘पुसणे’च. इतकी वर्षं हा शब्द शिकवला. त्यातलं हे सख्य त्या संध्याकाळी प्रथम जाणवलं. जे परत आणता येतं, ते विश्वासाने सोपवून द्यावं. जे परत येणार नाही, त्याच्या दाराशी मात्र कुणीतरी थांबून विचारायला हवं, आणि उत्तर द्यायला आपण जागेवर असायला हवं. नसरीनने पुढच्या खेपेला तशीच व्यवस्था लावली : उघडणं, ऐकणं, नाव देणं आपोआप, पुसणं किंवा कुणाला पाठवणं विचारूनच.

जाताना ती म्हणाली, “मामू, आता नुसत्या बोलण्यावरही हो-नाही सांगता येतं. लावून देऊ? मामींना बटण दाबायला नको.”

“नगं,” हे माझ्याकडे न बघता म्हणाले. “येवढं ऱ्हाऊ दे.”

आता दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी साहाय्यक थांबतो : यात पक्षी नाही, पुसू का? मग हे हाक मारतात. मी हात कोरडे करून शेजारी बसते, आणि आम्ही ते ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकतो. कधी कुसळांतून चालल्याचा आवाज, कधी लांबवर घाट चढणारी एसटी, कधी “चला आता, उन्हं वर आली” म्हणणारी मीच. हे ‘नगं’ म्हणून मान हलवतात, आणि मी ‘नाकारा’ दाबते. पाखरू न बोललेल्या सकाळींचं एक वेगळं फोल्डर झालं आहे आमच्याकडे; सध्या सर्वांत लवकर भरतंय ते तेच.