मंगळवारच्या पानावर नसलेलं नाव

माझी वही तुम्हा दोघा नातवंडांना माहीत आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची, स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली खिळ्याला टांगलेली. मागच्या खेपेला धाकट्याने तिच्यावर हत्ती काढला होता, तो अजून आहे. सोमवारच्या पानावर तुम्ही सगळे, मंगळवारी आजारी माणसं, बुधवारी चर्चच्या मंडळीतली घरं, असं शनिवारपर्यंत. सकाळी सहाला लाइट लावायचा, बायबलचं शास्त्रवाचन करायचं आणि त्या दिवसाचं पान उघडून एकेका नावासाठी प्रार्थना करायची. मी मिशनच्या होस्टेलात, इंग्रजी शाळेत वाढले आणि पुढे सेनगावला इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं. यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या वहीमुळे झालं की वही असूनही झालं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेजारच्या ताई तुम्हाला आठवतात ना? मूळच्या साखरा गावच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, तुम्हाला शेंगा भाजून देणाऱ्या. त्या बौद्ध आहेत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात. मी नाताळाला करंज्या पाठवते, त्या बुद्धजयंतीला खीर पाठवतात. वीस वर्षांत आम्ही धर्मावर कधी बोललो नाही. नळाला पाणी कधी येणार, एवढा विषय आम्हाला पुरत होता.

ऑक्टोबरात एके दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या भिंतीपाशी आल्या. गळ्याला हात लावून म्हणाल्या, "म्याडम, इथं गाठ आली. नांदेडला सुई घालून तपासलं. आठ दिवसांनी रिपोर्ट हाय."

मी उरलेले कपडे बादलीत ठेवून भिंतीजवळ गेले.

"आमच्यात कोणाला मागायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मागायला वर कोणी हायच न्हाई. पण तुमचा हाय म्हणता ना? मंग तुमी सांगा त्याला. मला लय भ्याव वाटून राहिलं."

"प्रार्थनेत आठवण ठेवते हं, ताई."

आपल्या मंडळीत हे वाक्य इतक्या सवयीचं आहे की निघताना 'येते' म्हणावं तसं तोंडातून जातं. तेवढ्यात घरात फोन वाजला. तुमचाच होता. धाकट्याचा पासपोर्ट अडकलाय, तो वेळेत आला नाही तर नाताळाला भारतात येता येणार नाही, असं तुमची आई सांगत होती. मी लगेच वही काढली आणि सोमवारच्या पानावर लाल शाईने 'पासपोर्ट' लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढचे आठ दिवस सोमवार असो की शुक्रवार, मी तेच पान उघडून बसले. मंगळवारी आजाऱ्यांचं पान उघडलंच नाही. आणि उघडलं असतं तरी त्यावर ताईंचं नाव नव्हतं.

मधे त्या एकदा दारात दिसल्या. त्यांनी हात वर केला, मीही केला.

नवव्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. डब्यात गरम धपाटे आणि वर दह्याची वाटी. "साधी गाठ हाय म्हणाले डॉक्टर! काही न्हाई त्यात!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमचा देव बराबर ऐकतो बरं का, म्याडम."

त्या क्षणी मला आठवलं. म्हणजे, मी विसरले होते हे आठवलं. तोंडात धपाट्याचा घास होता. तो गिळेपर्यंत खरं बोलायची वेळ निघून गेली होती, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच आठवड्यात तुमचा निरोप आला की पासपोर्ट काही नाताळापर्यंत मिळत नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी चाळीस वर्षं संडे स्कूलमध्ये फळ्यावर सिग्नल काढून शिकवलं की देवाची उत्तरं तीन असतात. हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे थांब. तुमच्या बाबांनाही तेच शिकवलं. पण जे मागितलंच नाही त्याचं उत्तर आलं तर तो कुठला दिवा? आणि जे रोज गुडघे दुखेपर्यंत मागितलं ते आलं नाही, तेव्हा माझा विश्वास कमी पडला म्हणायचं का? ताईंच्या बाबतीत तर विश्वास सोडा, साधी आठवणही नव्हती. देवाला माझ्या वहीची गरज नसेल, तर मी सहाला उठते तरी कशाला? मी रागावले होते की लाजले होते, मला कळेना. बहुतेक दोन्ही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्पच राहिले असते, हेही लिहून ठेवते. पण ताईंनी गल्लीभर सांगितलं. कोपऱ्यावरच्या बाई येऊन म्हणाल्या, "जावयाची बदली सेनगावहून हिंगोलीला होईल असं बघा ना जरा." जणू मी बदली खात्यात बसते. मी हसून वेळ मारून नेली.

मग जानेवारी आला. डॉक्टरांनी ताईंना तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. मी विचारलं, कधी जाताय?

"काहून जायचं?" त्या तूर पाखडत होत्या. "चार घंटे बसमध्ये हाडं मोडून घ्यायची आन् दिवसभर तिथं बसायचं. तुमी हायत ना. मागच्या बारीला केलं तसंच करा. मला तुमचा भरवसा हाय."

मी जे केलंच नव्हतं, त्याच्या भरवशावर ही बाई आपला गळा दाखवायला जाणार नव्हती.

"ताई, मी केलं नव्हतं."

"काय?"

"प्रार्थना. मी विसरले. तुमचं नावच लिहिलं नाही. त्या आठ दिवसांत एकदाही तुमचं नाव घेतलं नाही मी."

सूप थांबलं.

"पण लाइट तर लागायचा," त्या म्हणाल्या. "सकाळी सहाला. माझ्या खिडकीतून दिसतो तुमचा लाइट. मला झोपच न्हवती तवा. लाइट लागला की मी बी उठून बसायची. म्हटलं, म्याडम बसल्या माझ्यासाठी, मंग आपून कसं पडून राहायचं. तुमी लाइट बंद केला की मला झोप लागायची."

"मी नातवाच्या पासपोर्टसाठी बसले होते."

"म्हंजे आठ दिवस माझ्यासाठी कोणीच न्हवतं बसलं?"

मी म्हणाले, "माझं चुकलं, ताई. पण तुम्ही नांदेडला जा. माझ्यावर सोडू नका."

त्या सूप घेऊन आत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. लोटलेलं दार मला जास्त लागलं.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी सहाला उठत होते, पण लाइट लावायचा मला धीर होईना. लावला तर त्यांना वाटणार, आता काय नाटक. नाही लावला तर वाटणार, हिने सोडलंच. पहिल्या दिवशी अंधारात बसले. चष्मा असून शास्त्र वाचता येईना, तर नुसतंच 'प्रभू, ताई' एवढं म्हणत राहिले. यादी नाही, क्रम नाही, पुढचं वाक्यही सुचलं नाही. याला प्रार्थना म्हणतात का, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी लाइट लावला.

त्याच दिवशी सातच्या सुमारास ताई आल्या. माझा चहा व्हायचा होता.

"आला का मंग पासपोर्ट?"

"नाही ना आला."

त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला. "आठ दिवस बसून बी न्हाई आला! आन् मी म्याडमच्या भरवशावर नांदेड सोडून बसले होते!"

मीही हसले. हसताना डोळ्यांत पाणी का आलं, ते विचारू नका.

"उद्या जायचं नांदेडला," त्या म्हणाल्या. "तुमी संगं यायचं. आन् ती वही कुठंय?"

मी खिळ्यावरून काढून दिली. त्यांनी मंगळवारचं पान उघडायला सांगितलं, माझं पेन घेतलं आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहायच्या तशा ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं. "आता तुमच्यावर भरवसा न्हाई. मीच लिवते." जाता जाता हत्तीकडे बघून म्हणाल्या, "हे कोण, तुमच्यात ह्याची बी प्रार्थना करतात व्हय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गेलो. वारंगा फाट्याला गाडी थांबली तेव्हा दोघींनी चहा घेतला. त्यांचा हात गळ्याशी जात होता आणि त्या तो परत मांडीवर आणून ठेवत होत्या. मी डोळे मिटले तर कोपराने ढोसून म्हणाल्या, "माझीच करून राहिल्या ना? का पुन्हा पासपोर्ट?"

डॉक्टरांनी पुन्हा सुई घातली. रिपोर्ट येत्या गुरुवारी आहे. तो कसा येईल मला माहीत नाही. चांगला आला तर तो कशामुळे, हेही मला सांगता येणार नाही, आणि वाईट आला तर मी देवाला काय म्हणणार आहे, याची मला भीती वाटते. आजी म्हणून तुम्हाला विश्वासाबद्दल काहीतरी सरळ सांगावं असं मनात होतं. तो फळ्यावरचा सिग्नल मात्र आता माझ्याच्याने काढवणार नाही.

एवढं सांगू शकते. आज सकाळी मी सहाला लाइट लावला आणि खिडकीतून पाहिलं. ताईंच्या खिडकीत माझ्याआधीच उजेड होता.