अप्पांची साक्ष

अप्पांच्या तेराव्याला धारवाडजवळ केलगेरीच्या घरात पंगत बसली आणि पंगतीतच भांडण लागलं, तेही गेलेल्या माणसावरून.

"वादिराज म्हणजे तबला," भजनी मंडळातले म्हातारे गवई म्हणाले. "गाणारा वाट चुकला, तर ह्याचा डग्गा त्याला हाताला धरून समेवर आणून सोडायचा."

"तबला असेल हो! पण ज्या घड्याळापुढं मी हात टेकायचो, ते रविवारी येऊन कोण उघडायचं?" हुबळीच्या कोप्पीकर रोडचा घड्याळवाला ताटावरून उठायच्या बेतात आला.

"आणि मठात तीनशे पानांचं सारू कोण रांधायचं? तुझं घड्याळ घेऊन करायचं काय?" मठाचा आचारी म्हणाला.

वाढता वाढता अनसूया थबकली. हे तिघं तीन निरनिराळ्या माणसांबद्दल बोलताहेत असं तिला वाटलं. आणि तिघंही तिचेच वडील.

भिंतीला टेकून बसलेली तिची आई, वेणूबाई, तेवढ्यात म्हणाली, "ते सगळं हौसेचं. हात चालत होते तेव्हाचं. मी त्यांना खरं बघितलं ते सगळं गेल्यावर. होय की नाही ग, अनू?"

अनूनं मान हलवली. तिला ते कोर्ट आठवलं.

वादिराज हुद्दार धारवाडच्या कोर्टात कारकून होते. छप्पनच्या नोव्हेंबरात एका दिवसात धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. खुर्ची तीच, दौत तीच, पण हळूहळू कागद कानडी झाले. बरोबरच्या मराठी कारकुनांनी बदल्या मागितल्या.

"वादिराज, कोल्हापूरला चल. इथं आता तुझं काय राहिलंय?"

"केलगेरीचं तळं उचलून आणतोस का तिकडं? मग येतो की," अप्पा म्हणाले. त्या तळ्यात ते रोज पोहायचे.

खात्याच्या कानडी परीक्षेत पहिल्या झटक्यात ते साफ आपटले. बाजारात कानडीत भांडणारा माणूस, पण शाळा मराठी. कोर्टाची कानडी कुठून येणार? सगळी कचेरी हसली. अप्पांनी पहिलीचं पुस्तक आणलं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पाटीवर अक्षरं गिरवायला बसले. पुढच्या वर्षी पास झाले, आणि हसणारेच अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या टेबलाशी उभे राहायला लागले.

पण त्यांची खरी विद्या मोडीची. आजोबा गावचे कुलकर्णी, त्यांच्याकडून आलेली. जुन्या वाटण्या, जुनी खरेदीखतं सगळी मोडीत. शब्दाशब्दांत जागा नाही. बोरूनं ओळ धरली की ती कागदाच्या कडेपर्यंत पळतच सुटते. ऐंशीच्या दशकात ती धावती ओळ पकडणारा माणूस पंचक्रोशीत एकच उरला होता.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, निवृत्तीला दोन वर्षं झाली असताना, त्याच माणसाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली. सतरा दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता. अठराव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "नीरु."

"काय म्हणाले ग?" वेणूबाई धावत आली.

"पाणी मागताहेत."

"कानडीत?"

कानडीतच. मग एकेक शब्द परतत गेला, सगळे कानडी. मराठीतलं सारं कळायचं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की मराठीच्या जागी नुसता श्वास यायचा. डॉक्टर म्हणाले, "दोन भाषांच्या माणसाचं होतं असं कधीकधी. एक तरते, एक बुडते."

"तीस वर्षं ह्यांच्याशी मराठीत भांडले," वेणूबाई डोळे पुसत म्हणाली. "आता काही बोलायला जावं, तर भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखं वाटतं."

अप्पा अर्ध्या चेहऱ्यानं हसले. महिन्याभरात दातांत स्क्रू धरून डाव्या हातानं ते घड्याळ उघडायला लागले. मोडीचा कागद मात्र कुणी त्यांच्यापुढं धरला नाही. अनूनं तर नाहीच. न जमलं तर त्यांचा चेहरा कसा होईल, तो तिला बघायचा नव्हता.

आणि एका शनिवारी अळणावरहून सखूबाई आली. पदराखालून तिनं बांबूची नळी काढली. नळीत वाटणीपत्र.

"अप्पांनी वाचाया पायजे. सोमवारी तारीख हाय. वढ्याकडचं शेत माज्या आजेसासऱ्याच्या वाट्याचं, ह्यात लिवलंय म्हनत्यात. चुलतदीर म्हनतो, त्याचं."

"अप्पांना बरं नाही हो. त्यांची मराठी गेली. तुम्ही दुसरं कुणी..."

"दुसरं कोन हाय, बाई? शेत गेलं तर म्या जाऊ कुटं?"

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. दारात अप्पा. त्यांनी डावा हात पुढं केला.

कागद मांडीवर पसरला. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. "श्री... श्री..." पुढं काही नाही. ओठ हलत होते, कपाळावर घाम फुटला. अनूनं कागद काढून घ्यायला हात घातला, तर अप्पांनी तिच्या हातावर चापट मारली, ती लहान असताना मारायचे तशी. बोट ओळीच्या टोकापर्यंत मुकाट्यानं चालत गेलं. परत पहिल्या अक्षरावर आलं. आणि अप्पा बोलायला लागले. मोडीतलं मराठी डोळ्यांनी आत जात होतं आणि तोंडातून कानडी होऊन बाहेर पडत होतं. कोर्टाची, ठाकठीक, शिक्का मारल्यासारखी कानडी!

अनू भराभर उतरून घ्यायला लागली, तिला पेन्सिल पुरेना. "सखूबाई, मी मराठीत सांगते तुम्हांला..."

"कशाला? बाजारात कांदं काय मराठीत इकती व्हय म्या? वढ्याचं शेत धाकट्याचं म्हनले त्ये. धाकटा म्हंजी माजा आजेसासरा!"

सोमवारी अप्पा साक्षीला उभे राहिले. न्यायाधीश म्हैसूरकडचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. चुलतदिराचे वकील प्रभंजनराव हुबळीचे, घरी मराठीच बोलणारे. ते उठले आणि मुद्दाम मराठीत म्हणाले, "रावसाहेब, एक वाक्य बोला बरं मराठीत. कुठलंही. आज सोमवार आहे, एवढंच म्हणा."

अप्पांनी तोंड उघडलं. मान ताठली, गळ्याच्या शिरा फुगल्या. श्वास. नुसता श्वास.

प्रभंजनराव न्यायाधीशांकडं वळून कानडीत म्हणाले, "ज्याला मराठी बोलता येत नाही, तो शंभर वर्षांपूर्वीचं मराठी वाचतो म्हणे! हे मुलीनं पढवलेलं आहे, स्वामी."

कोर्टात खसखस पिकली. अनूनं सखूबाईकडं पाहिलं. तिनं रिकामी नळी छातीशी धरली होती. आणि अप्पा शांतपणे कानडीत म्हणाले, "मुलीला बाहेर पाठवा. मला दुसरा कागद द्या. तुमच्या मनाला येईल तो."

अनूला बाहेर पाठवलं. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. दप्तरखान्यातून जुनी फाईल आली: मोडीतलं खत आणि कुणा मागच्या कारकुनानं केलेलं त्याचं कानडी भाषांतर. भाषांतर न्यायाधीशांच्या हातात, खत अप्पांच्या. अप्पा वाचत होते, न्यायाधीश ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. एकदम न्यायाधीशांचं बोट थांबलं.

"इथं आंब्याची झाडं सोळा आहेत. तुम्ही सहा म्हणालात."

"सहा."

"भाषांतरात सोळा आहेत."

"कागदात सहा आहेत."

प्रभंजनराव हसून खाली बसले. अप्पांनी मात्र मान वर केली नाही. जणू समोर न्यायाधीश नव्हतेच, पळती ओळ तेवढी होती. ते पुढं वाचत गेले, "फणस चार. एकूण झाडं दहा."

न्यायाधीशांनी भाषांतराची खालची ओळ पाहिली. तिथंही एकूण दहाच लिहिलं होतं. सोळा आणि चार दहा कसे होतात, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. साक्षीदाराला बसायला खुर्ची द्या म्हणाले, आणि सखूबाईच्या कागदाचं वाचन ग्राह्य धरलं. शेत तिचंच, असा निकाल पुढं चार महिन्यांनी लागला. पण ते खरं तर त्या क्षणीच ठरलं होतं. सखूबाई खाली बसली आणि हसू लागली.

बाहेर पायऱ्या उतरताना मागून कोट सावरत प्रभंजनराव आले. घसा खाकरून, खालच्या आवाजात म्हणाले, "वादिराजराव, आमच्या घरी पण एक कागद आहे. पणजोबांचा. आज जवळच होता म्हणून..."

अनू भडकली. "आत्ता तर तुम्ही आत..."

अप्पांनी तिला डाव्या हातानं गप्प केलं. भर उन्हात पायरीवर बसले, काठी बाजूला ठेवली आणि तोच हात वकिलांपुढं केला.

"कोड्री," म्हणाले. द्या.

प्रभंजनराव काळ्या कोटासकट त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. अनू पर्समध्ये पेन्सिल शोधायला लागली.