चुलीवरचा वनस्पतीसंग्रह

बारावीच्या परीक्षेला आमच्या घरातून तिघं बसलो होतो. फॉर्म फक्त माझा भरलेला होता.

माझं डोकं दुखू नये म्हणून आईनं वर्षभर मिक्सर लावला नाही. चटणी ती पाट्यावर वाटायची, आणि वाटताना इतका आवाज करायची की मला मिक्सरची आठवण येऊन रडू यायचं! बाबांचा त्याग तर त्याहून मोठा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि बाबा म्हणजे पहिल्या रांगेतला माणूस. त्या वर्षी त्यांनी चौकात जाहीर करून टाकलं, "पोरीची बारावी हाय. औंदा एकबी नाटक पाह्यणार नाई." आणि खरंच पाहिलं नाही. (म्हणजे आम्हाला सांगून पाहिलं नाही.)

हे सगळं चाललं होतं वसतिगृहातल्या एका खाटेसाठी. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, रानाला लागून. कॉलेज चंद्रपूरला. रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकायचं तर पदवी घेईपर्यंत पेन्शनचं वय झालं असतं. मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मोजक्या आणि त्या मार्कांवर मिळायच्या. यादीत नाव लागलं तर कॉलेज, नाहीतर घर. मागच्या वर्षी आमच्या शेजारची वैशाली एका मार्कानं राहिली होती. ती रोज अंगणात बसून माझ्याकडे बघायची आणि असा उसासा टाकायची की माझं पाठ केलेलं सगळं उडून जायचं.

"लेखीचं मी काई सांगू शकत नाई," आमचे बायोलॉजीचे सर म्हणाले होते, "पन प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्या हातात हायेत. वीस वनस्पती आणा, वाळवा, चिकटवा, नाव लिहा. बाहेरचा परीक्षक येते. त्याच्यापुढं एक मार्क सोडाल तर याद राखा!"

वनस्पतींना आमच्याकडे काय तोटा! पावसाळ्यात दोन चकरांत मी वीस गोळा केल्या. वाळवणं मात्र कठीण. मैत्रिणींनी वर्तमानपत्रात दाबून पेटीत ठेवल्या, तर आठवड्यात सगळ्यांवर पांढरी बुरशी! मी हुशार. (त्या वेळी माझा तसा समज होता.) चुलीच्या वर आमचा बांबूचा माच आहे. खालून धूर लागतो, त्यामुळे वर कशाला बुरशी येत नाही. आई पावसाळ्यातल्या रानभाज्या वाळवून तिथेच ठेवते. मी माझी वीस पुडकी तिथे ठेवली, प्रत्येकात लॅटिन नावाची चिठ्ठी घातली आणि निवांत झाले. चिकटवायचं काय, एका संध्याकाळचं काम! ते मी प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी करणार होते. मधले सहा महिने मी चिठ्ठ्यांवरची नावं पाठ करत होते.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेतून आले, तर ओसरीत एक अनोळखी गृहस्थ पाटावर बसून जेवत होते. समोर बाबा पाण्याचा गडवा घेऊन बसलेले.

"हे मास्तर हायेत, चंद्रपूरचे," बाबा म्हणाले. "सकाळच्या गाडीनं उतरले. ज्यायच्याकडं आले ते गावात नाईत. स्टँडवर एकटेच बसून होते बिचारे. मनलं, चला घरी."

आमच्या गावात बाहेरून मास्तर येतात ते कसल्या ना कसल्या सर्व्हेसाठी. घरात माणसं किती, कोंबड्या किती, संडास आहे का, असं विचारून जातात. मला त्यांच्यात रस नव्हता.

"मास्तर मनत होते, पावसाळ्यातल्या रानभाज्या आता कुठी भेटन," आई आतून म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "मी मनलं, काऊन नाई भेटन! वाढ वो माय त्याईले. लाजून राह्यले."

मी वाढलं. या हातांनी, दोन पळ्या भरून! चण्याची डाळ घातलेली काळपट हिरवी भाजी होती.

"अप्रतिम," मास्तर म्हणाले. "मिसळीची दिसते. तू कितवीला बेटा?"

"बारावी. बायोलॉजी आहे," मी म्हटलं.

मास्तरांचा घास हातातच थांबला. मला वाटलं, दबले. म्हणून मी आणखी दाबलं. "उद्या प्रॅक्टिकल आहे. माझ्यासारखा वनस्पतीसंग्रह पूर्ण शाळेत कोणाचा नाही."

"अरे वा. पाहायला आवडेल."

"आज नाही दाखवता येणार," मी तोऱ्यात म्हटलं. "तो परीक्षकांसाठी आहे. सर्व्हेवाल्यांसाठी नाही."

मास्तरांना ठसका लागला. उरलेलं जेवण त्यांनी मान खाली घालून संपवलं, बाबांचे आभार मानले आणि भरभर निघून गेले. मी हातपाय धुऊन डिंकाची बाटली काढली, स्टुलावर चढले आणि माचावर हात घातला.

माच रिकामा होता.

"आई, माझी पुडकी?"

"ते होय?" आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती गुनाची माही पोरगी! अभ्यासातून येळ काढून घरासाठी भाजी वाळवून ठेवली, अन् सांगतलंबी नाई! थेच तर केली मास्तरसाठी."

मी स्टुलावर तशीच बसले.

"वीसच्या वीस?"

"वीस कशाले? आठच खायच्या होत्या. बाकीचा पालापाचोळा उकिरड्यावर टाकला. कागद ठेवले घडी करून. चिठ्ठ्याबी हायेत, हे पाह्य, वाटीत."

संग्रहात उरलं होतं ते एवढं: वीस चिठ्ठ्या आणि उकिरडा. बाबा धावले. जरा वेळानं कोंबड्यांशी भांडून बारा नमुने घेऊन आले. एकाला देठ नाही, दुसऱ्याचं अर्धंच पान. खरा घोळ तर पुढेच होता. कुठली चिठ्ठी कुठल्या पानाची? मला वीसही नावं खडाखडा पाठ होती, पुढून आणि मागून. मी चिठ्ठ्या पाठ केल्या होत्या. पानांकडे बघायचं राहून गेलं होतं!

"हे मधुका," मी एक पान उचलून ठोकून दिलं.

"म्हंजे काय?" बाबांनी विचारलं.

"मोह."

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. "वो बाई," आई हळूच म्हणाली, "हे तेंदूचं पान हाय. दरसाल उन्हाळ्यात तुह्याच हातानं त्याचे पुडे बांधतो ना आपुन?"

मग कारखाना सुरू झाला. आई पान हुंगायची आणि मराठी नाव सांगायची. मी त्याचं लॅटिन नाव सांगायची. बाबा वाटीतून चिठ्ठी शोधायचे आणि हमखास दुसरीच द्यायचे. "हे इंग्रजीत काऊन लिवलं?" "इंग्रजी नाही बाबा, लॅटिन आहे." "मंग तर मले आणखीनच येत नाई!" दिवेलागणीला बारा पानं चिकटवून झाली. त्यांपैकी तीनवर बाबांच्या अंगठ्याचे डिंकाचे ठसे होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले. परीक्षकांच्या खुर्चीत कालचे मास्तर!

मी फाईल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती उघडली आणि सावकाश पानं उलटली. एकदा पुढून, मग मागून.

"बाराच? उरलेल्या आठ?"

"सर, त्या... म्हणजे काल दुपारी तुम्ही..." माझं बोट आपोआप त्यांच्या पोटाकडे गेलं.

परीक्षकांनी फाईल तोंडापुढे धरली. त्यांचे खांदे हलत होते. रागानं हलतायत की हसण्यानं, ते मला कळेना. आमच्या बायोलॉजीच्या सरांनाही कळेना. ते भिंतीला टेकून उभे होते, आधारासाठी.

"ठीक आहे," परीक्षक शेवटी म्हणाले. "नावं सांग आठांची."

मी एका श्वासात आठही लॅटिन नावं म्हणून दाखवली.

"छान. आता सांग, भाजीला तो बारीकसा कडवटपणा होता, तो यातल्या कशाचा?"

मी ती भाजी खाल्लीच नव्हती. रानभाजी पाहिली की मी लोणच्याशी जेवते.

"सर," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आईला फोन करून विचारू का?"

त्यांनी परवानगी दिली नाही. दोन मार्क कापले.

निकाल लागला, वसतिगृहाची यादी लागली. मी ती वरून वाचत आले. दुसरा कागद संपत आला तशी आई माझा दंड घट्ट धरून देवाचं नाव घेऊ लागली. अगदी शेवटच्या ओळीत माझं नाव होतं! आम्ही दोघी त्या बोर्डापुढेच रडलो. मला इतका आनंद त्याआधी कधीच झाला नव्हता. आणखी एक मार्क गेला असता, तर वैशालीशेजारी अंगणात बसून मीही उसासे टाकले असते.

परतीच्या एसटीत आई सहज म्हणाली, "त्या आठ पुडक्यात एक गडबड होती बरं. तरोट्याच्या कागदात तू अर्धा कासोदा कोंबला होतास. थो कोनी खाते काय! मी निवडून फेकला."

माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. तो कागद तसाच परीक्षकांपुढे गेला असता तर? बॉटनीच्या माणसाला तरोटा, म्हणजे टाकळा, आणि त्याच्यासारखाच दिसणारा कासोदा यांतला फरक पहिल्या नजरेत दिसतो. एक मार्क तिथे गेला असता, तेंदूला मोह म्हटल्यावर आणखी दोन, आणि त्यांच्याबरोबर कॉलेज!

आता मी चंद्रपूरला बॉटनीच शिकते. गावात माझं कौतुक चालतं. लोक दहावी-बारावीच्या पोरांना माझ्यासमोर उभं करतात आणि म्हणतात, "ताईले विचारा, अभ्यास करून इथवर कशी पोचली." मी नुसती जमिनीकडे बघते.

त्यांना वाटतं, पोरगी किती विनयी आहे!