शेंड्याच्या बांधीची माती

कोहपऱ्याच्या सोमारीचं माहेर अवघ्या दोन कोसांवर होतं, आणि तरी ते तिला नव्हतं. चांदा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात मोहबोडी नावाचं गाव. गावाला मोठा तलाव. तलावातून निघालेली नहर रान ओलांडत खाली येते आणि जिथे दमून संपते, ते कोहपरा. म्हणजे माहेरचं पाणी सोमारीच्या दारात येणार आणि सोमारीनं मात्र माहेरी जायचं नाही. असं कोणी सांगितलं म्हणाल, तर एका मेलेल्या माणसानं सांगितलं. ते पहिल्यापासूनच सांगायला हवं.

मोहबोडीच्या तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचा लाकडी दरवाजा आहे, त्याला तिकडे तुडुम म्हणतात. सोमारीचा बाप मुखरू त्या तुडुमाचा राखणदार. लहानपणी मोडलेला उजवा पाय ओढत चालायचा. पण एकदा तुडुमावर जाऊन बसला, की त्याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. पाण्याचा कायदा जुना होता आणि मुखरू कायद्याहून कडक. धान पोटरीवर आलं आणि पावसानं पाठ फिरवली, की तुडुम उघडायचं. पण पहिलं पाणी शेवटच्या शेताला. वरच्या शेतांची तोंडं तोवर चिखलानं बंद. शेंड्याची बांधी, म्हणजे अगदी शेवटचं धानाचं शेत, भिजलं, की तिथल्या माणसानं त्याच शेताचा ओला चिखल हातात घ्यायचा आणि नहरीच्या काठानं वर चालत यायचं. मुखरू तो चिखल तुडुमाच्या आडव्या लाकडावर थापायचा. मग वरच्यांनी आपापली तोंडं उघडावी. माती आणणाऱ्यानं मात्र बसायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. माती थापली की आल्या पावली परत, खालचं पाणी वाटेत कोणी वळवत नाही ना, हे बघत.

सोमारीचं लग्नही त्या मातीनंच जमवलं. तिचा सासरा दसरू शेंड्याच्या बांधीचा मालक. एका साली माती घेऊन आला, तेव्हा बापासाठी आंबील घेऊन आलेली सोमारी त्याला पाळीवर दिसली.

"मुखरूभाऊ, पोरगी देता का आमच्या कोलूले?" त्यानं तिथंच विचारलं.

"उभ्याउभ्या पोरगी मांगतेत का जी?"

"बसू कुठी? तुमचाच कायदा हाय ना!"

मुखरू हसला, आणि तो हसला म्हणजे सोयरीक झालीच. सासरी निघताना सोमारी रडली, तर बाप म्हणाला, "रडतेस काऊन? पाण्यासंगं दरसाल खुशाली धाडतो तुले." आणि खरंच, नहरीचं पाणी बांधीत शिरलं, की सोमारी आधी ओंजळभर तोंडावर मारून घ्यायची.

मग मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली. गेली ते बरंच झालं, तिच्यासाठी कोणी डोळे गाळले नाहीत. पण मालगुजार असताना चैतात घरटी एक माणूस नहरीच्या गाळाला जुंपला जायचा. आता तलाव सरकारचा झाला, तर लोक म्हणाले, गाळही सरकारचाच! सरकारी काम अन् सहा महिने थांब. साहेब आले, पाळीवर उभं राहून पाहून गेले, संपलं. पाणी सगळ्यांना हवं, गाळ कोणालाच नको. आमच्याकडची ही खोड जुनीच आहे. दोन पावसाळ्यांत नहर लव्हाळ्यानं आणि मातीनं भरली. तिसऱ्या साली तुडुम उघडलं, पाणी अर्ध्या रानात जिरलं, आणि शेंड्याच्या बांधीला थेंब नाही. वरचे लोक माती यायची वाट पाहून पाहून कंटाळले. शेवटी झिंगू, ज्याचं शेत तुडुमाला अगदी लागून, त्यानं आपलं तोंड फोडलं, आणि त्याच्यामागं सगळ्यांनी.

इकडे धान उभं वाळलं. दसरू तडक मोहबोडीला गेला आणि सगळ्या गावादेखत मुखरूवर घसरला, "तू तुडुमावर बसून काय केलं गा? लेकीच्या तोंडचं पाणी दुसऱ्यायले पाजलं!" मुखरूचा कायदा त्याच्या डोळ्यांदेखत मोडला होता, तो आधीच जळत होता. तो बोलला, "नहर साफ करा आन् मंग बोला." झालं. दसरूनं वाळली माती उचलली आणि शपथ घातली, "नहरीच्या पाण्यानं ओला झालेला माह्या बांधीचा चिखल हाती असल्याबिगर माह्या घरचं मानूस मोहबोडीची शीव ओलांडणार नाई."

रागाची शपथ, उतरलीही असती. पण त्याच पुसात, म्हणजे पौषात, दसरू तापानं गेला आणि शपथ मागं ठेवून गेला. जित्या माणसाची शपथ हातापाया पडून सोडवता येते. मेलेल्याची कोण सोडवणार? आणि मुखरूनं इकडे यावं, तर तो म्हणे, "रिकाम्या हातानं लेकीच्या दारात कोन्त्या तोंडानं जाऊ? जाईन तं पाणी पुढं धाडून."

असे दोन हट्टी, एक वर गेलेला, एक वरच्या गावात बसलेला, आणि मध्ये सोमारी. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून ती वरच्या रानाकडे बघायची. पाळीवरच्या आंब्याचा शेंडा दिसतो का म्हणून टाचा उंचावायची. दिसत नव्हता, दिसायचा नव्हताच, पण सवय.

शेजारची अन्नपूर्णा, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी अशी म्हातारी विधवा, एकदा म्हणाली, "येडी हायस का वं? बांधीत घागरभर पाणी ओत, चिखल कर, आन् जा घेऊन. कोन पाहाले येते?"

"बापाले खोटी माती देऊ?" सोमारी म्हणाली. अन्नपूर्णानं पुन्हा घागरीचं नाव काढलं नाही.

चैत लागला तशी सोमारी फावडं आणि टोपली घेऊन एकटीच नहरीत उतरली. बायकांना चेष्टेला विषय मिळाला. "माहेरची वाट खंदून राह्यली वं बाई!" सोमारी म्हणायची, "हो, खंदून राह्यली." नवरा कोलू चार दिवस काठावर बसून बिडी ओढत राहिला, मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो उतरला. त्याच्यामागून अन्नपूर्णा. तिचं शेत नहरीवर नव्हतंच, तिला एका थेंबाचा फायदा नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, "मले माहेर नाई उरलं. हिचं तं वाचू द्या." त्या बोलण्यावर बाकीच्या बायका आल्या, आणि बायका आल्या म्हटल्यावर पुरुषांना घरी बसायला तोंड राहिलं नाही.

मजुरी नाही, हजेरी नाही, कोणी साहेब नाही. ज्यानं त्यानं आपली आंबील आणायची, मोहाच्या झाडाखाली बसून प्यायची, पुन्हा उतरायचं. मुळ्या तोडायच्या, लव्हाळा उपटायचा, गाळ उपसून काठावर टाकायचा. पावसाळ्यानं थोडं बुजवायचं, पुढच्या चैतात पुन्हा काढायचं. 'श्रमदान' हा शब्द तेव्हा तालुक्याला भाषणांत ऐकू यायचा. कोहपऱ्यात तो अजून पोचला नव्हता, काम आधी पोचलं. कोणी पाठ थोपटली नाही त्यांची, म्हणून आज मी थोपटतो आहे.

असं करत एका उन्हाळ्यात ते शिवेच्या नाल्यापर्यंत आले. नाल्यापलीकडे मोहबोडी. सोमारीचे पाय तिथे थांबले. पुढची अर्धी नहर मोहबोडीच्या रानात, झाडीआड, बुजलेलीच असणार. तिथे तिनं पाय टाकायचा नाही. इतकी हाडं झिजवली ती अर्ध्या वाटेसाठी? ती फावडं टेकून खाली बसली.

"बस तू. आम्ही पाहून येतो," म्हणून अन्नपूर्णा चारपाच जणींना घेऊन पलीकडे गेली. परतली ती धावतच.

"काय झालं बाई?" सोमारीनं विचारलं.

"वरची नहर साफ हाय. तुडुमापर्यंत. गाळाचे ढिगारे एकाच बाजूले, पायानं दाबून बसवलेले. आन् सोमारी, पाय एकच उमटते. दुसरा ओढत नेल्यावानी हाय."

सोमारीला पुढचं सांगावं लागलं नाही. बाप एकटाच, उन्हाळ्यामागून उन्हाळे, शिवेपर्यंत खणत आला होता. ती खालून, तो वरून. नाल्याच्या अल्याडपल्याड दोघांची फावडी येऊन टेकली होती, आणि भेट नाही. तिनं पलीकडे हाक मारली. रानात कोण होतं ऐकायला? गुराख्यानं सांगितलं, की म्हातारा अखाजीपासून, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून, खाटेवरच आहे, नहर संपली आणि त्याचे पायही संपले. डोळ्यांनाही आता धूसर दिसतं. सोमारी नाल्याकाठी बसून हुंदके देत रडली आणि कोणी तिला उगी केलं नाही.

आता जे काही होतं ते पाण्याच्या हाती होतं. पावसाळा झाला, धान पोटरीवर आलं, आणि पावसानं पाठ फिरवली. मोहबोडीच्या पोरांनी मुखरूला खाटेसकट पाळीवर नेलं. त्यानं स्वतः तुडुम उघडायला लावलं. एकट्या म्हाताऱ्यानं साफ केलेली नहर पाहून वरच्यांनीही या साली आपली तोंडं पुन्हा चिखलानं बंद ठेवली होती. सोमारी शेंड्याच्या बांधीत उभी होती. आधी नहरीत वाळली पानं हलली, मग मातकट पाण्याची जीभ पुढं आली, आणि बांधीत शिरली. घोट्याएवढं झालं तेव्हा कोलू म्हणाला, "घे. तूच ने. तुह्याबिगर कोन नेईल?"

दोन्ही हातांच्या ओंजळीत चिखल धरून ती निघाली. नाला आला. तिनं डोळे मिटून सासऱ्याचं नाव घेतलं आणि शीव ओलांडली. बापानं दाबलेल्या ढिगाऱ्यांच्या कडेनं चालली. माती सुकू नये म्हणून वाटेत वाकून हात पाण्यात बुडवत गेली.

पाळीवर सगळं गाव फावडी घेऊन ताटकळत होतं. झिंगू सगळ्यात पुढे. मुखरू खाटेवर, हात तुडुमाच्या लाकडावर.

"शेंडा भिजला का?" त्यानं रीतीप्रमाणे विचारलं.

"भिजला, बा."

म्हाताऱ्याचा हात लाकडावरून निसटला. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि माती घेतली. मातीबरोबर तिचे हातही आले, ते त्यानं सोडले नाहीत.

"बस," तो म्हणाला.

"बसाचं नसते ना, बा. तुमचाच कायदा हाय."

"माती थापल्यावर नसते बसाचं. अजून थापली कुठी?"

ती खाटेच्या पायथ्याशी टेकली. त्यानं विचारलं, धान कसं आहे. मग विचारलं, कोलू कसा आहे. मग काही सुचेना, तर पुन्हा धान कसं आहे विचारलं. ऊन आंब्याआड गेलं. झिंगूनं घसा खाकरला.

"मुखरूभाऊ, लावा ना जी माती."

"लावतो," मुखरू म्हणाला. "ओली हाय. धरणार नाई. जराशीक सुकू दे."

ओलीच माती धरते आणि सुकली की पडते, हे त्या पाळीवरच्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. झिंगूनं हातातलं फावडं खाली ठेवलं आणि त्यावर बसून घेतलं. मग बाकीचेही एकेक करून बसले.