सालोमीने मागे घेतलेलं कलम

भुईगावच्या घराच्या ओट्यावर सालोमी सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. संध्याकाळी ऑनलाइन बैठक होती. वेब सर्व्हरने वापरणाऱ्याकडून आलेली मागणी अ‍ॅप्लिकेशनच्या, म्हणजे मागे काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती कशी द्यायची, याचे सामायिक नियम सुधारणाऱ्या गटात ती होती. देशोदेशीची माणसं, सगळी बिनपगारी. नव्या नियमांचा मसुदा नोकरी सांभाळून तिनेच लिहिला होता.

जुन्या नियमांत एक घोळ होता. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली नावं सांकेतिक खुणांत येतात; ती सर्व्हरने उलगडून द्यायची की अ‍ॅप्लिकेशनने स्वतः उलगडायची, हे धड सांगितलंच नव्हतं. सालोमीने कलम घातलं: सर्व्हरनेच उलगडून द्यायची. शेवटी सगळ्यांना ते पटलं. तरी तिला चैन पडेना.

"बस ना जरा," तिचे वडील आल्बर्ट म्हणाले. ते वाडीतून केळीचा घड घेऊन आले होते.

"पप्पा, मी वालीवला जाऊन येते. नियम एकदा खऱ्या प्रोग्रॅमवर लावून बघते."

वालीवला तिचा मामेभाऊ क्लेटन एका झडपांच्या कारखान्यात संगणकांचं बघायचा. तिथली यंत्रांची रेखाचित्रं एका जुन्या प्रोग्रॅममधून उघडत आणि फायलींची नावं मराठीत होती. दुपारच्या सुट्टीत दोघांनी त्या प्रोग्रॅमच्या प्रतीवर नवा नियम लावून पाहिला. सर्व्हरने उलगडलेलं नाव प्रोग्रॅमने पुन्हा उलगडलं, अक्षरांचा चुथडा झाला. एकही मराठी नावाची फाइल उघडेना.

"मग दुरुस्त कर की! दोन ओळींचं काम," सालोमी चिडून म्हणाली.

"माझं करेन गं. पण ज्यांच्याकडे दुरुस्त करणारं कुणी नाही, त्यांचं? आणि त्यांना कळणार कसं, की मोडलं कशाने?"

परतताना रिक्षात तिने ते कलम मनात दहा वेळा वाचलं. त्यात चूक काही नव्हती. तरीही जुने प्रोग्रॅम त्याने मोडणार होते.

बैठकीत तिने आपलंच कलम मागे घेतलं. गटाचे प्रमुख म्हणाले, "सालोमी, हे तूच आम्हाला पटवलं होतंस. दोन वर्षं भांडून."

"हो. आज मोडताना पाहिलं," ती म्हणाली.

वादावादी झाली. एक जण चिडून बाहेर पडला. शेवटी ठरलं की जुनीच रीत ठेवायची, म्हणजे नावं अ‍ॅप्लिकेशननेच उलगडायची, फक्त ती आता स्पष्ट शब्दांत लिहायची. मसुदा ओबडधोबड झाला, पण मंजूर झाला.

"झालं मनासारखं?" आल्बर्टनी विचारलं.

"झालं. मनासारखं नाही."

जेवण अर्धवट टाकून ती समुद्राच्या गल्लीने निघाली आणि अर्ध्या वाटेत काही सुचून परतली. पुढच्या आठवड्यात तिने गटापुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला: अजून लिहिलेच न गेलेल्या प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र नियम, जुन्यांना हात न लावता. या वेळी मात्र पहिलं पान लिहिण्याच्या आधीच तिने क्लेटनला फोन लावला.