हात वर करणारा

हात्याचे आणि माझे आईबाप पारनेरबाहेरच्या खडी क्रशरवर कामाला होते. संध्याकाळी चौघं परतायची तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी धूळ असायची. अंधारात नुसत्या खोकल्यावरून आम्हाला कळायचं, कुणाचा बाप आला ते. ज्याच्या घरात भाकरी असेल तिथे आम्ही दोघं जेवायचो. जेवण झालं की हात्या भरल्या तोंडाने उजवा हात वर करायचा. "मावशी, अर्धी जास्त मी खाल्ली." कुणी विचारलेलं नसायचं.

ही त्याची खोडच. टपरीवर ग्लास फुटला की हात वर. वर्गात सरांची पाठ वळल्यावर कोण ओरडलं? हात वर. मग सर त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचे आणि मलाही धरायचे. त्याच्या खरेपणाचे वळ माझ्या पाठीवर पुष्कळ उठले. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव लोकांनी पुरेसं वापरून झालंय.

शाळेच्या कबड्डी संघात मी उजवा कोपरा, तो डावा. त्याने घोटा धरला की चढाईवाल्याची सुटका नसायची. चढाईवाल्याचा हात लागला की गड्याने स्वतःच हात वर करून बाहेर जायचं, ही या खेळातली रीत. पंचाने पाहिलं नसेल तर भल्याभल्यांना ती आठवत नाही. तालुक्याच्या अंतिम सामन्यात गुण बरोबरीत, शेवटची चढाई. समोरचा गडी रिकामा परतला, सामना वाचला असं समजून आम्ही उड्या मारायला लागलो, तर हा हात वर करून रेषेबाहेर चाललेला. एका गुणाने हरलो. परतीच्या टेम्पोत पोरांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. मीही त्यात होतो. तो एवढंच म्हणाला, "बोट लागलं ना भावा. पंचाला न्हाई कळलं, मला कळलं की." हात्या हे नाव त्या टेम्पोतलं.

पुढे मी नगरला कॉलेजात गेलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. कुणाच्या वशिल्याने नाही, म्हणून हे सांगताना मी मान खाली घालत नाही. हात्या नागापूरच्या एका वर्कशॉपात लागला होता. माझा निकाल लागला तेव्हा तिथे त्याने पेढे वाटले. "आपला एक गडी रेषेला हात लावून आला," असं सांगत फिरला.

तो गावच्या मंडळाकडूनही खेळायचा, जत्रेतल्या स्पर्धेत. तिथेही एकदा त्याने आपणहून हात वर केला आणि मंडळ हरलं. अध्यक्ष मैदानात घुसले. "तू आमचा हायस का त्यांचा? काढ जर्सी!" साऱ्या जत्रेसमोर काढायला लावली. बनियनवर घरी आला. मी चिडलो, तर म्हणाला, "त्यांचीच हुती, दिली." पुन्हा त्याला संघात घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पहाटे कामावर जाताना कंटेनरने त्याची मोटारसायकल उडवली. दशक्रियेला हेच अध्यक्ष माईक धरून उभे. "आमच्या संघाचा कणा मोडला!" आवाज मुद्दाम कापरा. भाषणात मध्येच येत्या निवडणुकीचा विषय आला. महिन्याभरात चौकात फ्लेक्स लागला, हात्याच्या नावाचा स्मृती चषक. अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो दाराएवढा, आणि कोपऱ्यात हात्या, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, तिकिटाएवढा.

अंतिम सामना अध्यक्षांच्याच संघाचा. पंच त्यांचा मेव्हणा. हात्याच्या आईला बक्षीस द्यायला आणून पुढच्या खुर्चीत बसवलेलं, शेजारी मी. शेवटच्या चढाईत समोरच्याच्या नखाने अध्यक्षांच्या गड्याच्या पोटरीवर चांगला ओरखडा उठला. रक्त आम्हाला खुर्चीतून दिसलं. गडी हात मागे बांधून उभा. लागलं नाही म्हणून पंचाने मान हलवली. अध्यक्षांचा संघ जिंकला, गुलाल उडाला.

मावशीने मला विचारलं, "लागलं ना रं त्याला?"

"लागलं, मावशी."

"मग हात का न्हाई वर केला?"



तिला स्टेजवर बोलावलं. चषक तिने हातात घेतला नाही. "माझ्या पोराचं नाव काढा ह्याच्यावरनं," ती म्हणाली. समोर माईक होता, सगळ्यांनी ऐकलं.

अध्यक्ष हसले. "मावशी, तुमी दुःखात हाय. आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाई. आत्ता. तुमी त्याची जर्सी काढली, त्यानं दिली. आता मी माझ्या पोराचं नाव मागती, तुमी द्या."

"अहो, त्याच्याच सन्मानासाठी केलंय ना हे सगळं!"

मी स्टेजवर चढलो आणि माईक घेतला. "त्याच्या आईने सांगितलं ते ऐकू आलं ना? का पुन्हा सांगू?" मागून शिट्ट्या सुरू झाल्या, मग टाळ्या. अध्यक्षांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, वाळलेल्या शेंबडासारखं. मला त्या हसण्याची आजही शिसारी येते.

चषकावरची नावाची पट्टी मावशीने तिथेच नखाने खरवडून काढली. मी शिडी लावून फ्लेक्स उतरवला आणि कोपऱ्यातला तिकिटाएवढा हात्या कापून खिशात ठेवला.

यंदाच्या जत्रेतही ती स्पर्धा झाली. अध्यक्षांनी तिला स्वतःच्या बापाचं नाव दिलं. हात्याचं नाव आता तिथे कुठेही नाही. एवढं आम्ही करून घेतलं.