सायकलच्या दांडीवरचं नाव

सुशीलाबाईला सायकल चालवता येत नव्हती. तरी दर आठवडी बाजाराला ती गोरेगावला सायकल घेऊनच यायची. हँडलला पिशव्या, कॅरिअरवर सामान, आणि स्वतः शेजारून पायी. सायकल नवऱ्याची. एकवीस वर्षं ते तिच्यावरून राइस मिलमध्ये कामाला जात. फाटकाशी सगळ्या सायकली सारख्याच दिसतात, आपली ओळखू यावी म्हणून त्यांनी पेंटरकडून दांडीवर पिवळ्या रंगात स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं.

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी ती सायकल धुवायची. पितळेची भांडी घासावी तशी, चुलीतली राखड आणि नारळाची शेंडी घेऊन, जोर लावून. सायकल लख्ख राहिली, पण नाव झिजत गेलं. यंदा धान घरात आल्यावर एका सकाळी तिनं उन्हात दांडी पाहिली, तर सुरुवातीची 'इ' आणि शेवटचा 'र' एवढंच शिल्लक होतं. मधलं सगळं तिनं स्वतःच्या हातांनी पुसून टाकलं होतं.

बस स्टँडजवळ केवलराम रेडियमवाल्याचा ठेला आहे. मोटारसायकलींचे नंबर, ट्रॅक्टरवरची देवांची नावं तो चमकत्या रेडियम कागदातून ब्लेडने कापून चिकटवतो. सुशीलाबाईनं सायकल त्याच्यापुढे उभी केली.

"नाव टाकून दे बाबू. असं टाक का जाणार नाही."

"टाकतो ना. का नाव हाय?"

सुशीलाबाईनं पदर सारखा केला. "लिवलं हाय ना तेथी. वाच."

"वाचू का, मावशी? इ हाय अन् र हाय. मधात तं सफाचट!"

"तेच. टीनाच्या बाबाचं."

"टीनाच्या बाबाले नाव असल ना काही?"

ती हसली, पण नाव घेतलं नाही. लग्नाच्या दिवशी उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. नंतर चौतीस वर्षं 'अहो', नाही तर लेकीच्या नावानं 'टीनाचे बाबा'. "तू कर, मी भाजी घेऊन येतो," म्हणून ती बाजारात शिरली.

परत आली तर दांडीवर लाल अक्षरं झळकत होती. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं. ईश्वर.

"हे का केलं रे?"

"इ, र. ईश्वर. वरचा फराटा झिजला असल म्हणलं."

"हे नोहे."

"देवाचं नाव हाय, वाईट का हाय?"

"देव का मिलमध्ये जाये सायकलनं?"

शेजारचा पंक्चरवाला मोठ्यानं हसला. केवलरामनं कपाळाला हात लावला आणि नखानं पट्टी उचकटून काढली. "आता सांगा तरी. नाही तं आधार कार्ड दाखवा, तुमच्या कार्डावर असते."

आधार घरी होतं. "मग टीनाले लावा फोन, ते सांगल," केवलराम म्हणाला.

फोन कमरेच्या पिशवीतच होता. तिनं पिशवीवर हात ठेवला, आणि तसाच राहू दिला. टीना सांगेल, हा कापेल, काम होऊन जाईल. पण पुसलं आपण, आणि लिहायला सांगणार दुसरंच कोणी? तिनं दांडीकडे पाहिलं.

"इंद्रकुमार," ती म्हणाली.

नेमकी तेव्हाच एसटी हॉर्न देत स्टँडमध्ये वळली.

"का म्हणलं? आयकू नाही आलं."

"इंद्रकुमार!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पंक्चरवाल्यानं मान वर केली. तिचे कान तापले.

केवलरामच्या लक्षात आलं असावं. त्यानं ब्लेड बदललं. या वेळी त्यानं घाई केली नाही. पॉलिश पेपरनं दांडी खरवडली, पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, वाळू दिली. अक्षरांचे कोपरे त्यानं गोल कापले. "टोक राहिलं का तेथूनच उकलते," तो स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला. गोल दांडीवर मधून कडेकडे, जुन्या एटीएम कार्डानं दाबत हवा काढली. मग वरून क्लिअर वार्निशचा बारीक हात फिरवला.

"उद्यावरी हात नाही लावाचा. अन् मावशी, राखड बंद. ओला फडका, बस. असं ठेवलं तं पाच-सहा वर्षं हालत नाही."

"पाच-सहाच?"

"मंग या ना परत. नाव तं मले आता पाठ झालं."

घराकडे निघताना तिनं दांडीला धक्का लागू नये म्हणून पिशव्या हँडलच्या दुसऱ्या टोकाला सरकवल्या. बोटं सारखी तिकडे वळत होती. वार्निशचा वास येत होता.

कालव्याजवळ रस्त्यावर कोणी नव्हतं. कापलेल्या धानाची खुटं दूरवर पसरली होती. ती थांबली. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि हळूच हाक मारली, नुसत्या नावानं, पुढेमागे काही न लावता. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं.

कोणी ओ दिली नाही. बांधावरचा बगळा तेवढा उडाला.

मग ती सायकल ढकलत निघाली.